८ ऑगस्टच्या रात्रीसाठी प्लेलिस्ट: बेटावरची दहा माणसं आणि आपला किनारा

सुरंगी, वेंगुर्ले

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात आम्ही बाराजण. जूनपासून दर रविवारी कुणाच्या तरी पडवीत जमतो आणि अगाथा ख्रिस्तींची 'अँड देन देअर वेअर नन' ही १९३९ सालची कादंबरी वाचतो. आता शेवटची थोडी पानं उरली आहेत. कादंबरीतली माणसं बेटावर उतरतात तो दिवस ८ ऑगस्ट. म्हणून आम्ही ठरवलंय की ८ ऑगस्टलाच दिवेलागणीला बसायचं, निवडक प्रसंग मराठीत मोठ्याने वाचायचे आणि अधूनमधून संगीत लावायचं. संगीताची यादी करायचं काम माझ्याकडे आलंय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्याजवळचं एक खडकाळ बेट. तिथे दहा अनोळखी माणसं बोलावलेली. यजमानाचा पत्ता नाही. पहिल्याच रात्री जेवणानंतर ग्रामोफोनवरचा एक आवाज दहाही जणांवर एकेका मृत्यूचा ठपका ठेवतो. जेवणाच्या टेबलावर दहा छोट्या बाहुल्या, प्रत्येकाच्या खोलीत दहापासून खाली मोजत जाणारं एक बालगीत. मग एकेक माणूस जातो आणि टेबलावरची एकेक बाहुलीही. वादळामुळे होडी येत नाही. हे कोण करतंय ते इथे कुणीही लिहू नका. आमच्यातल्या दोघींचं वाचून व्हायचंय आणि त्या हा धागा रोज उघडतात.

माझी पहिली यादी फसली. चाळीस तुकडे गोळा केले होते: दार करकरणं, घुबड, किंचाळणारी व्हायोलिनं. नणंदेला ऐकवले. ती शेगलाची भाजी निवडत बसली होती. दहा मिनिटांनी म्हणाली, "वहिनी, हे सगळं आधीच ओरडून सांगतंय की आता घाबरा. मग घाबरायचं काय राहिलं?"

तिचं म्हणणं मनाला लागलं. पुस्तक पुन्हा उघडलं तर त्यात तेच सापडलं. त्या बेटावरचं घर जुनं, पडकं नाहीच मुळी. नवं कोरं आहे, लख्ख विजेचे दिवे, कुठे अंधारा कोपरा नाही. ख्रिस्तीबाईंनी ते मुद्दाम तसं ठेवलंय. आणि मी त्यात दारं करकरवत होते!

सुचवा काहीतरी. गाणी, वाद्यं, आवाज, काहीही. आणि शक्यतो आपल्या कानाला ओळखीचं.

पेटीमास्तर, कुडाळ

सुरंगीताई, नणंदबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली आहे.

माणसं बेटावर पोचतात ती संध्याकाळी ना? मग सुरुवात मारवा रागाने करा. मारव्यात पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि त्यातली खरी गंमत षड्जाची. षड्ज म्हणजे गाणाऱ्याचं घर, कुठेही भटकलं तरी परत यायची जागा. मारव्यात गाणारा त्या घराच्या दारापर्यंत येतो आणि उंबरठा न ओलांडता वळून जातो. कोमल रिषभावर आणि धैवतावर रेंगाळतो. ऐकणारा आतल्या आत म्हणत राहतो, अरे टेक आता, टेक! तो टेकत नाही. रहस्यकथेत लेखक वाचकाचं जे करतो तेच हे.

उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा लावा. विलंबित आहे, झूमरा तालातला. पूर्ण लावायची गरज नाही, सुरुवातीची सात-आठ मिनिटं पुरेत. आवाज बारीक ठेवा. माणसं येऊन बसत असताना, छत्र्या झटकत असताना, चहा घेत असताना तो मागे चालू दे. कुणाच्या लक्षात येणार नाही की आपण अस्वस्थ का झालो.

आणखी एक. त्यात तो म्हातारा जनरल आहे बघा, जो समुद्राकडे तोंड करून एकटाच बसतो आणि म्हणतो की या बेटावरून आपल्यातलं कुणी परत जाणार नाही. त्याला भीती वाटत नाही, सुटल्यासारखं वाटतं. त्याच्यासाठी भेसूर काही नको. दुपारची वेळ आहे, वृंदावनी सारंग घ्या. सारंगीवर मिळाला तर फार उत्तम.

खलाशी, मालवण

सुरंगी ताय, माका पुस्तकातला काय कळणा नाय, पण दर्याचा कळता. मास्तरांनी 'सारंग' म्हटल्यानी आणि माका बरा वाटला. आमच्याकडे होडीचो मुख्य तो सारंग.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. समुद्राचा आवाज घालणार असाल तर इंटरनेटवरचा घालू नका. तो भलत्याच किनाऱ्याचा असतो, गोट्यांचा खडखडाट ऐकू येतो. आपल्या पुळणीवरची लाट तशी वाजत नाही. शिवाय भरतीचा आवाज वेगळा, सुकतीचा वेगळा. भरतीला लाट अंगावर येऊन आपटते, तिचा दणका पायाखाली कळतो. सुकतीला पाणी वाळूतून मागे खेचलं जातं तेव्हा लांब श्वास सोडल्यासारखा सूऽऽ असा आवाज येतो. भिती वाटायची असेल तर सुकतीचा घ्या. येणाऱ्या पाण्यापेक्षा ओढून नेणारं पाणी वाईट.

सुकती धरायची तर वेळ बघून जावं लागेल. भरतीपासून सुकतीपर्यंत साधारण सहा तास, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते. अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा खेच जास्त.

आणि तुम्हाला बेट शोधायला डेव्हनला कशाला जायला हवं? निवतीच्या किनाऱ्यावरून समोर बघा. वेंगुर्ला रॉक्स. खडक, त्यावर दीपगृह, गुहांतून पाकोळ्यांची घरटी. ऐन पावसात तिकडे होडी नेणार कोण! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, आणि ऑगस्ट लागला तरी दर्या लगेच शहाणा होत नाही. त्या पुस्तकातल्या माणसांची होडी का आली नाही, हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही समजावून सांगावं लागणार नाही.

जुनी_रेकॉर्ड, रत्नागिरी

अहो, सिनेमातल्या गाण्यांचं कुणी नाव कसं काढत नाही? याच कथेच्या वळणावर बेतलेला 'गुमनाम' १९६५ साली आला, संगीत शंकर-जयकिशन यांचं. त्याचं शीर्षकगीत लताबाईंचं. ते नसेल तर यादी अपुरी वाटेल.

आणि आपलं मराठी? राजा परांजपे यांचा 'पाठलाग', १९६४. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा. त्यावरूनच पुढे १९६६ साली हिंदीत 'मेरा साया' झाला. 'या डोळ्यांची दोन पाखरे' हे त्यातलं गाणं, शब्द गदिमांचे, चाल दत्ता डावजेकरांची, आवाज आशाबाईंचा. नुसतं ऐकलं तर प्रेमगीत. सिनेमा बघताना ऐकलं की अंगावर काटा येतो, कारण कायम पाठीशी राहीन हे वचन कुणी दिलंय आणि ती आता कुठे आहे, हाच तर कथेतला प्रश्न. गाणं कथेला चिकटवलेलं नाही, कथेचं एक चाक त्या गाण्यावर फिरतं.

पेटीमास्तर, कुडाळ

तुमचं 'पाठलाग'बद्दलचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण म्हणूनच माझा विरोध आहे. ते गाणं त्याच कथेचं आहे, तिथून उचललं तर निम्मं मरतं. आणि 'गुमनाम'चं गाणं लागलं की बाराच्या बारा माणसं गुणगुणायला लागतील. जो माणूस गुणगुणतो तो घाबरत नाही.

जुनी_रेकॉर्ड, रत्नागिरी

गुणगुणण्याचा मुद्दा मान्य. मग वाचन संपल्यावर, पातोळ्या खाताना लावा. पण लावाच!

एक उपयोगाची गोष्ट मात्र सांगतो. १९४९च्या 'महल'मधलं 'आएगा आनेवाला' घ्या, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून लताबाईंना खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माईककडे चालत यायला सांगितलं होतं. माईक मधोमध ठेवलेला. ही आठवण त्यांनीच सांगितली होती. यंत्राची करामत काही नाही, नुसती चार पावलं. तुम्ही स्वतः काही ध्वनिमुद्रित करणार असाल तर हे करून बघा.

ओटी_पडवी, गुहागर

मी एरवी इथे फक्त वाचते. पण दहापासून खाली मोजत जाणारं बालगीत म्हटल्यावर राहवलं नाही.

आपल्याकडे मोजणारं गाणं आहेच की! जात्यावरची ओवी. पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी, असं चढत जाणारी. माझी आजी नाचणी दळताना म्हणायची आणि मी तिच्या पाठीला टेकून झोपायची. पहिली ओवी देवाची, मग आईबापाची, मग भावाची. मोजता मोजता एकेकाला आठवणीत घ्यायचं, घर भरत जायचं.

सुरंगीताई, ती ओवी उलटी मोजली तर? दहावीपासून पहिलीपर्यंत. दरवेळी कुणीतरी कमी. मला रात्री झोप येईना म्हणून दोन जुळवल्या:

दहावी माझी ओवी गं, दहा होड्या बंदराला,
एक गेली वादळाला, नऊ राहिल्या.

नववी माझी ओवी गं, नऊ दिवे तुळशीला,
एक गेला वाऱ्याला, आठ राहिले.

मागे फक्त जात्याची घरघर हवी. दुसरं कुठलंही वाद्य नको.

सुरंगी, वेंगुर्ले

ओटी_पडवी, तुमची पोस्ट वाचली आणि पहिली यादी सगळी पुसून टाकली. उरलेल्या आठ ओव्या आम्ही गटात मिळून बांधल्या.

माझ्या यजमानांची आत्या ७८ वर्षांची आहे. तिच्या माजघरात जातं अजून जागेवर आहे. रविवारी दुपारी गेलो. तिला आधी उलटं मोजणं पटेना. "असं नसतं गं म्हणत, घरातली माणसं कमी करायची नसतात," म्हणाली. मी तिला गोष्ट सांगितली, सगळी, शेवटासकट. ती बराच वेळ खुंट्यावर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "घरातलं कुणाचं नाव घेणार नाही. होड्या, दिवे, माड, एवढंच." आमच्या ओव्यांत एके ठिकाणी भाऊ आला होता, तो तिने काढायला लावला आणि तिथे माड घातला. तिचं बरोबर होतं.

पहिल्यांदा फोन जात्याजवळ ठेवला तर नुसता दगडाचा खरखराट. मग रत्नागिरीकरांची युक्ती केली. फोन पडवीत, आत्या माजघरात. जातं ओढायला माझी नणंद बसली आणि आत्या ओवी म्हणत म्हणत माजघरातून ओटीवर, ओटीवरून पडवीत अशी चालत आली. दहावी ओवी भिंतीपलीकडून येते, शब्द नीट लागतही नाहीत. पहिलीला ती कानाशी असते. तिचा श्वास ऐकू येतो.

समुद्र काल केला. खलाशीदादा, सुकतीचंच पाणी धरलं. वाऱ्याने पहिले दोन प्रयत्न फुकट गेले, नुसतं फडफड. शेवटी फोनला जाड पायमोजा घातला आणि खडकाच्या आडोशाला बसले. तो सूऽऽ आवाज अगदी तुम्ही लिहिलात तसा आलाय.

अजून एक जागा मला सुटत नाहीये. घरात जनरेटरवर वीज असते. तो चालवणारा नोकर गेल्यावर कुणी जनरेटर चालवत नाही आणि पुढचं सगळं मेणबत्त्यांच्या उजेडात घडतं. इथून संगीत बदलायला हवं असं वाटतंय, पण कसं?

तळकोकणी, सावंतवाडी

बदलायचं म्हणजे विजेवरचं सगळं बंद करायचं. तिथपर्यंत सिंथेसायझर, इलेक्ट्रिक गिटार, काय हवं ते वाजू दे. जनरेटर थांबला की त्यानंतर फक्त हाताने वाजणारं आणि गळ्यातून येणारं. आपल्याला वेगळं सांगायलाच नको, पहिल्या वाऱ्याला लाईट जाते तेव्हा घराचा आवाजच बदलतो. फ्रीज थांबतो, पंखा थांबतो, आणि एकदम पागोळ्या ऐकू येतात.

या दुसऱ्या भागासाठी घुमट घ्या. मातीच्या मडक्याचं एक तोंड चामड्याने मढवलेलं, दुसरं उघडं. ते उघडं तोंड तळव्याने झाकत-उघडत वाजवतात म्हणून आवाज आत ओढल्यासारखा येतो, कुणी बंद खोलीतून दार ठोठावतंय तसा. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, आता त्याला कायद्याने बंदी आहे, बकऱ्याचं लावतात.

आणि एक मोठं काम सुचवतो, जमलं तर बघा. गणपतीच्या आधीच्या दिवसांत आमच्याकडे भजनाची तालीम रोज चालते. दहा माणसं बसवायची: पेटी, पखवाज, तबला, झांज, घुमट, आणि पाच टाळकरी. एकच ठेका, एकच लय. दर मिनिटाला एकाने थांबायचं. गाजावाजा न करता, नुसता हात मांडीवर ठेवायचा.

पेटीमास्तर, कुडाळ

तळकोकणी, ही तालीम माझ्याकडे करू. सुरंगीताई, शनिवारी या.

सुरंगी, वेंगुर्ले

शनिवारी कुडाळला जाऊन आले. हे सविस्तर लिहायलाच हवं.

कुणी आधी थांबायचं यावर अर्धा तास चर्चा झाली. मास्तरांचं म्हणणं, आधी टाळ. पाचातला एक टाळ थांबला तर कुणाच्या लक्षात येत नाही. आणि पुस्तकातही पहिला मृत्यू लोक आत्महत्या समजतात, दुसऱ्या दिवशी सकाळीही काहीतरी कारण काढून मनाची समजूत घालतात. तसंच झालं. मी डोळे मिटून ऐकत होते. तीन टाळ थांबले तरी मला पत्ता नव्हता. चौथा थांबला तेव्हा वाटलं की काहीतरी पातळ झालंय, पण काय ते कळेना. मग झांज. मग पखवाज थांबला आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदम मान वर केली. वाजवणाऱ्यांनीसुद्धा! पुढे घुमट, तबला, शेवटी पाचवा टाळ आणि पेटी दोघंच. टाळ गेला. पेटीचा भाता सुटेपर्यंत एक सूर राहिला, तोही गेला.

त्यानंतर कुणी उठलं नाही. पखवाजवाले दादा हळूच म्हणाले, "परत एकदा करूया काय?" पण मास्तर नको म्हणाले. एकदाच चांगलं होतं ते.

जुनी_रेकॉर्ड, रत्नागिरी

मी माझी दहा गाणी मुकाट्याने मागे घेतो. फक्त पातोळ्यांच्या वेळचं एक राहू दे.

काही कामाच्या सूचना. शफल बंद आहे ना ते दोनदा बघा. सगळे तुकडे डाउनलोड करून ठेवा, पावसात रेंजचा भरवसा नाही. स्पीकर बॅटरीचा घ्या आणि आदल्या रात्री चार्ज करा. गाणी एकमेकांत मिसळणारी सोय असते ती बंद करा, तुम्हाला मधली शांतता हवी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यादी संपल्यावर ॲप आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावतं ते बंद करा. माझ्या मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमात श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांत साबणाची जाहिरात लागली होती. आजही आठवलं की वाईट वाटतं.

पेटीमास्तर, कुडाळ

शेवटच्या पहाटेसाठी ललत ठेवा. त्यात शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम अगदी शेजारी शेजारी येतात, पंचम नाहीच. एका खोलीत दोन माणसं आणि दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा ते कळत नाही, असं काहीतरी. ज्यांनी वाचलंय त्यांना मी काय म्हणतोय ते समजेल. बाकी बोलत नाही.

सुरंगी, वेंगुर्ले

काल झालं. सकाळपासून लिहीन म्हणते, आत्ता वेळ मिळाला.

बाराजण यायचे होते, एकोणीस आले. मारवा चालू असताना माणसं बसली. जनरलच्या प्रसंगाला सारंग आणि खाली सुकतीचं पाणी. जनरेटर थांबण्याच्या जागी आम्ही खरोखरच घरातला मेन स्विच बंद केला आणि समया लावल्या. पागोळ्यांचा आवाज एकदम आत आला. तळकोकणी, तुमचं तंतोतंत खरं ठरलं.

बेटावरच्या दहांपैकी एक असलेल्या व्हेराच्या खोलीतल्या प्रसंगाला काहीच लावलं नाही. ती मेणबत्ती घेऊन खोलीत येते, समुद्राचा वास येतो, आणि गार, ओलसर काहीतरी तिच्या गळ्याला लागतं. वाचणारी मुलगी इतकी हळू वाचत होती की सगळे पुढे वाकले होते. ते शेवाळ असतं हे मी सांगून टाकते, त्याने काही बिघडत नाही. मी आधी तिथे घुमट ठेवला होता, ऐन वेळी काढला. शेवाळाचा वास आमच्या अंगणापर्यंत येतच असतो, त्याला वाद्य कशाला.

ललत झाला. मग भजनाचा तो ठेका, एकेक हात कमी होत जाणारा. शेवटाला आत्याची ओवी. आत्या स्वतः पहिल्या रांगेत बसली होती. आपलाच आवाज भिंतीपलीकडून येतोय हे ऐकून तिने पदर तोंडाला लावला. 'पहिली माझी ओवी गं' झालं, जातं दोन वळसे एकटंच फिरलं आणि थांबलं. पुढे दीड मिनिटाची शांतता मी यादीत मुद्दाम घातली होती. बाहेर समुद्र चालूच होता, पण कुणीतरी मला नंतर विचारलं की शेवटचा लाटांचा तुकडा कुठे ध्वनिमुद्रित केला म्हणून.

लाईट लावायला कुणी उठेना. शेवटी आत्याच म्हणाली, "गो, चहा टाका आता."

खलाशी, मालवण

ताय, ती ओवी धाडशात काय? बायलेक ऐकवूची आसा.

सुरंगी, वेंगुर्ले

आत्याला विचारते, खलाशीदादा. ती हो म्हणाली तर उद्या पाठवते.